चाळीस हरकती

मंडळी, आमच्या नगरपालिकेत सभेपुढचा कागद वाचायची पद्धतच नाही. त्या दिवशी नियोजन समितीपुढं खाणीकाठची चाळीस घरं पाडायचा ठराव आला, सोबत वस्तीच्या चाळीस हरकती. अध्यक्ष भालचंद्रराव घड्याळ बघत म्हणाले, "हरकती वाचल्या असं समजा. ठराव मंजूर!"

मागं बसलेली केराबाई उठली. "मग सायेब, आमी बी घरं रिकामी केली असं समजा. पाडली असं बी समजा. बुलडोझर कशाला धाडताय?"

सगळं सभागृह हसलं. अध्यक्षांना ते झोंबलं. "वाचतो! ऐका आता!"

पहिलाच अर्ज केराबाईचा निघाला. मुलगा खाणीत दगडाखाली गेला, सून ओली बाळंतीण, जायला जागा नाही. तिसऱ्या अर्जाला कुणी हसेना. सातव्याला अध्यक्षांनीच ठराव तहकूब केला. पुढचं त्यांना वाचवेना.