फुटका दस्ता

एका महाराजांनी लष्कराच्या मोडीतून जुन्या रायफली विकत घेतल्या. एकीचा गोळीने फुटलेला दस्ता बदलायला कारागिराने करवत उचलली, तसे महाराज खेकसले, "हात लावू नकोस. लढाईची खूण आहे ती, तिच्यामुळेच हिला किंमत."

रायफल काचेच्या कपाटात गेली. मग महाराजांनी देवडीवरच्या लंगड्या पहारेकऱ्याला, बाळोजी खरातला, बोलावलं. "पाहुण्यांसमोर लंगडा माणूस बरा दिसत नाही. उद्यापासून येऊ नकोस."

बाळोजीने कपाटाकडे पाहिलं. "सरकार, ही माझीच रायफल. नंबर अजून पाठ आहे. हिचा दस्ता फोडून तीच गोळी माझ्या गुडघ्यात शिरली. मग मलाही कपाटात उभं करा."

महाराजांनी कारागिराला बोलावून दस्ता बदलून घेतला, आणि देवडीवरचा माणूसही.