सुगंधा बाद होते

माळावरच्या एका गावात सुगंधा नावाची कुंभाराची पोर राहायची. ओढ्यापलीकडच्या मैदानात मुलं रोज लंगडी खेळत. लंगडी घालणारा ज्याला शिवेल, तो बाद. सुगंधा मात्र कधीच बाद होत नसे, कारण ती कच्चा लिंबू होती. म्हणजे खेळायचं सगळ्यांबरोबर, पण कुणी शिवलं तरी ते धरायचं नाही. लहानपणी एकदा पडून तिचा गुडघा फुटला, तेव्हा थोरला भाऊ केरबा म्हणाला होता, "हिला बाद करायचं न्हाई." माया होती, दुसरं काही नाही.

पुढे तिच्याहून लहान मुलंही पक्की खेळू लागली. ही आपली लिंबूच. जिच्यामागे कुणी लागतच नाही, ती पळेल कशाला? हळूहळू तिला वाटू लागलं, आपले पायच मठ्ठ आहेत. मग ती कडेला बसून इतरांच्या चपला राखू लागली. बसून बसून पाय खरंच जड झाले. ओढ्यातल्या दगडांवरून जातानाही तिला केरबाचा हात लागे.

अशात कासाराची हौसा गावात राहायला आली. तिनं पहिल्याच दिवशी सुगंधाला हाताला धरून उठवलं.

"अगं, ती कच्चा लिंबू हाय!" पोरं ओरडली.

"एवढी थोरली? मग मी बी खेळत न्हाई."

"मला न्हाई जमत गं," सुगंधा रडवेली झाली.

"जमंल कसं? तुला कधी कुणी पळवलंय का?"

मग हौसा तिला रोज मडक्यांच्या भट्टीमागे पळवू लागली. सुगंधा पडे, चिडे, रुसून बसे. एक दिवस हौसाचा हात पाठीशी आला आणि सुगंधा झटकन वाकली. हात हवेतच राहिला! त्यानंतर तिला बोलवावं लागलं नाही. तीच सकाळी हौसाच्या दारात हजर.

अखेर ती खऱ्या खेळात उतरली. लंगडी केरबा घालत होता.  तिनं त्याला एकदा हुलकावणी दिली, दोनदा दिली. केरबाला धाप लागली, तेव्हा कुठे त्याचा हात तिच्या खांद्याला लागला. सवयीनं तो "धरायचं न्हाई" म्हणणार होता. पण तिचा फुललेला चेहरा पाहून त्याचाही जीव हलका झाला. तो मोठ्यानं ओरडला, "बाद!"

सुगंधा धावत सुटली ती थेट घरी. ओढा कुणाचा हात न धरता कधी ओलांडला, तिचं तिलाही कळलं नाही.

"आई, आई! आज मी बाद झाले!"

तात्पर्य: जमत नाही म्हणून मुलाला जपून कडेला बसवू नये, खेळू दिलं की जमू लागतं, आणि आपल्याला जमतंय असं वाटलं की मूल आपणहून धावतं.