अर्पणाच्या मेजावरचा संसार

वयोवृद्ध अशा एका पाळकबाबांच्या हाताखाली एकदा एक तरुण उपदेशक सेवेचे धडे घेत होता. नाव शांतवन. गाव लहान, ख्रिस्ती घरं चौदा, आणि त्यांच्या प्रार्थनामंदिरामागच्या दोन खोल्या त्याला राहायला दिलेल्या. पत्नी एस्तेर आणि सहा महिन्यांची लेक, एवढा त्याचा संसार. चाललं होतं छान, निदान तो तालुक्याला जाऊन येईपर्यंत.

तालुक्याच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, त्याच्याबरोबर शिकलेला एक मित्र नेमला गेला होता. मित्राला बंगला होता, अंगणात नळ होता. तो नळ शांतवनच्या डोळ्यांत असा काही खुपला, की परतल्यापासून त्याला घरातलं काही धड दिसेना. भाकरी जाड, छप्पर ठेंगणं, पाळणा कुरकुरतो. खरं तर पाळण्यापेक्षा हाच जास्त कुरकुरत होता! एस्तेर ऐकून घेई. शेवटी एके दिवशी तो म्हणाला, "तू आपली माहेरी जा. मला चांगली मंडळी मिळाली, की बोलावून घेईन." सोमवारच्या गाडीनं जायचं ठरलं.

त्याआधीचा रविवार हंगामाच्या सणाचा होता. त्या दिवशी प्रत्येक घर आपल्या कष्टाचं पहिलं फळ मंदिरातल्या मेजावर आणून ठेवी. उपासनेनंतर ते सारं अशा एका घरी पोचवलं जाई, जिथे काहीच नाही. ते घर कोणतं, हे पाळकबाबा सांगत. शनिवारी बाबांनी सहज विचारलं, "शांतवन, तुझ्या घरून काय येणार?"

"आमच्या घरात आहेच काय, बाबा?"

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"बरं," म्हणून बाबा उठले.

रविवारी सकाळी शांतवन शेजारच्या वस्तीवरची प्रार्थनासभा आटोपून परतला, तर घराचं दार सताड उघडं. खोल्या रिकाम्या. एस्तेर नाही, लेक नाही. घाबराघुबरा होऊन तो मंदिरात धावला आणि दारातच थबकला. मेजावर बाजरीची कणसं, पपया, गावात एकट्या राहणाऱ्या राहेलबाईंनी आणलेली चार अंडी. आणि मेजाला लागून त्याची खाट, स्टोव्ह, परात, कंदील, पुस्तकं, पाळणा. पाळण्यात लेक झोपलेली. खाटेच्या कडेला एस्तेर पदर सावरून बसलेली. बाबांनीच तिला विचारून, दोन माणसं लावून, सगळं घर इथे आणवलं होतं. लोकांना वाटलं, उपदेशकानं सर्वस्व वाहिलं. राहेलबाई तर डोळे पुसत होत्या.

"अर्पणाची प्रार्थना तू कर," बाबा म्हणाले.

शांतवननं हात जोडले. "देवबापा, तू दिलेल्या या..." आणि त्याची नजर खाटेवर गेली. मेजावर आलेलं जाणार, हे त्याला ठाऊक होतं. ही खाट त्यानं स्वतः विणली होती. याच स्टोव्हवर लेकीचं पाणी तापत होतं. तेही जाणार. आणि एस्तेर? ती तर उद्या जाणारच होती, आणि तिला त्यानंच जायला सांगितलं होतं! मंडळी 'आमेन' म्हणायला थांबली होती, पण प्रार्थना काही पुरी होईना.

बाबा शांतपणे म्हणाले, "यंदाचं अर्पण उपदेशकांच्या घरी जाईल. तिथे काही नाही, असं काल मी त्यांच्याच तोंडून ऐकलं."

राहेलबाई लगबगीनं उठल्या. त्यांच्या घरी मूल ना बाळ, एक कोंबडी तेवढी. आपली चार अंडी उचलून त्यांनी त्याच्यापुढे धरली. "घ्या उपदेशक. लेकराच्या आईला द्या."

आता मात्र त्याला राहवलं नाही. "बाबा, मी खोटं बोललो," तो रडत म्हणाला. "माझं घर भरलेलं आहे. हे सगळं राहेलबाईंकडे जाऊ द्या. मला फक्त माझं तेवढं द्या."

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझं म्हणून नको नेऊस, बाळा. काल ते तुझं होतं, म्हणूनच तुला दिसेनासं झालं. आज प्रभूच्या हातून मिळालं म्हणून ने. समाधान काही उपजत नसतं रे. उपासनेच्या गीतासारखं तेही शिकावं लागतं, रोज म्हणावं लागतं. माझी सत्तरी उलटली, तरी माझा सूर अजून चुकतो. बंगला मिळाल्यावर शिकेन म्हणणारा बंगल्यातही नाक मुरडतो. आणि ज्यानं आपल्यासाठी प्राण दिला, त्याच्यासमोर 'माझ्याकडे काही नाही' हे कोणत्या तोंडानं म्हणायचं?"

उपासना संपली. मंडळी धान्य घेऊन राहेलबाईंच्या घराकडे निघाली. मंदिरात दोघंच उरली.

"राहशील?" शांतवननं विचारलं.

"आणि उद्या पुन्हा नाक मुरडलंत तर?"

"तर मला सांग. मी पुन्हा पहिल्यापासून शिकेन."

एस्तेरनं क्षणभर त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग पाळण्यातली लेक उचलून त्याच्या हातात दिली, आणि स्वतः स्टोव्ह घेऊन घराकडे चालू लागली.