साळुंकीची ऐसपैस ढोली

नदीकाठचा जुना उंबर फळांनी लगडलेला होता, तेव्हाची ही गोष्ट. साळुंकीनं तांबट पक्ष्याकडून शंभर उंबरांना मोठी ढोली घेतली. उंबरं खारीनं उसनी दिली. व्याजासकट रोज दोन फेडायची.

“व्याज एवढंच राहील ना?” साळुंकीच्या नवऱ्यानं विचारलं.

“झाड फळतंय तोवर,” खार म्हणाली.

शेजारची लहान ढोली तीसलाच मिळत होती. पण साळुंकी म्हणाली होती, “रोज दोनच तर द्यायचीत! घेऊ या मोठीच. पिल्लांना ऐसपैस होईल.”

पुढं फळं आटली आणि खारीनं व्याज वाढवलं. रोजची दोन उंबरं पाचावर गेली. ढोलीत तीन अंडी होती, तरी दोघांनाही दिवसभर उंबरं शोधत हिंडावं लागे.

“विकून टाकू,” नवरा म्हणाला.

तांबटानं मान हलवली. “इतक्या व्याजानं उसनं घेऊन ढोली कोण घेणार? चाळीससुद्धा येणार नाहीत.” विकूनही कर्ज उरणारच होतं.

एका संध्याकाळी पाचवं उंबर खारीला देऊन साळुंकी परतली. अंडी गार पडली होती. तिनं त्यांच्यावर पंख पसरले. तरी चहूकडे केवढी तरी जागा उरली.