उपवासाची भाकर

समुद्रकाठच्या एका जुन्या बंदरात एकदा एक शिष्य राहत होता. हुशार म्हणजे इतका हुशार, की त्याच्याशी वाद घालायला निघालेला माणूस वाटेतच विचार बदलून घरी परतायचा. प्रभू येशूच्या काळाला तेव्हा तीन-चार पिढ्या उलटल्या होत्या आणि त्या गावातली ख्रिस्ती मंडळी अजून मूठभरच होती. त्यांना स्वतःचं प्रार्थनामंदिर नव्हतं. एका रंगाऱ्याच्या घरी, आतल्या चौकात, वाळत घातलेल्या कापडांखाली ती जमायची, प्रार्थना करायची आणि प्रभूच्या स्मरणार्थ एकत्र भाकर मोडायची.

शिष्य तीन वर्षं तिथे येत होता. पण भाकर मोडण्याची वेळ झाली की त्याला उठून बाहेर जावं लागे. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यात बुडवून दिली जाणारी दीक्षा, झाल्यावाचून त्या पंगतीत बसायचं नाही, अशी रीतच होती. तीन वर्षं तो दाराबाहेर उभा राहून आतलं गाणं ऐकत आला होता. आता पाच आठवड्यांवर प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण होता आणि त्या पहाटे त्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता. मात्र त्याआधी मंडळीपुढे परीक्षा होती. तिथे कमी पडला, तर आणखी एक वर्ष दाराबाहेर. हे काही त्याला सोसणारं नव्हतं.

म्हणून तो कंबर कसून तयारीला लागला. देव एकच कसा, त्याच्या पुत्राने मानवी देह का धारण केला, मेलेले पुन्हा कसे उठतील, सारं त्याला तोंडपाठ होतं. त्यातही देहाच्या पुनरुत्थानावर त्याचा फार जीव. गावातले तत्त्वज्ञ नेमके त्यालाच हसत. आत्मा अमर आहे हे ठीक, ते म्हणत, पण हाडामांसाचं हे गाठोडं देवाला पुन्हा कशाला हवं? शिष्याजवळ या प्रश्नाला सात उत्तरं तयार होती. शिवाय बुधवार आणि शुक्रवार हे मंडळीचे दोन उपवास तो इतके कडक पाळायचा, की सूर्यास्तापर्यंत तोंडात कण जात नसे. तुम्हा-आम्हासारखं दुपारी थोडं फराळाचं, असला प्रकार त्याच्याकडे नव्हता.

त्याला शिकवणारे वृद्ध गृहस्थ या मंडळीचे प्रमुख होते. पोटासाठी ते गलबतांची शिडं शिवत. बोलत कमी. शिष्याची सातही उत्तरं त्यांनी शांतपणे ऐकून घेतली होती, पण त्यांच्या तोंडून ‘उत्तम’ हा शब्द काही निघाला नव्हता. शिष्याला ते मनातून फार लागलं होतं.

एका शुक्रवारी भर दुपारी ते शिष्याच्या घरी आले, चटईवर बसले आणि म्हणाले, “जेवायला वाढ.”

शिष्य बघतच राहिला. म्हातारपणी वार विसरले असतील, असं वाटून त्याने आज शुक्रवार असल्याची नम्रपणे आठवण करून दिली. ठाऊक आहे, अशी त्यांनी मान हलवली. मग त्याला वाटलं, हे आपल्याला पारखताहेत. तोही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. उपवासाच्या दिवशी आपण चूलच पेटवत नाही, तेव्हा घरात शिजलेलं काहीही नाही, असं त्याने ठामपणे सांगितलं.

“उपवासाला जे अन्न वाचतं, ते गरजवंताला द्यायचं, हे तुला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं,” वृद्ध म्हणाले.

“सांगितलं होतं, बाबा. पण मी एकटा माणूस. चूलच पेटली नाही, तर वाचलं काय आणि द्यायचं काय?”

तर्क बिनतोड होता आणि तीन वर्षं शिष्य त्यावर खूश होता. वृद्धांनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, की चूल पेटव आणि एरवी जेवतोस तेवढं सगळं कर. तेव्हा शिष्याने रिकाम्या पोटी भाकरी भाजल्या, मसुराचं कालवण केलं, खारवलेला मासा परतला. त्या वासाने त्याचा जीव कासावीस झाला. सगळं तयार झाल्यावर वृद्धांनी ते फडक्यात बांधायला लावलं, गाठोडं त्याच्याच हाती दिलं आणि ते चालू लागले.

फार लांब जावं लागलं नाही. घराला वळसा घालून ते मागच्या गल्लीत शिरले आणि शिष्याच्याच घराच्या मागच्या भिंतीला टेकून असलेल्या एका खोपटाशी थांबले. तिथे मेलिता नावाची म्हातारी राहायची. या गोष्टीत नाव राहिलं आहे ते एवढं एकच. तिचा नवरा खलाशी होता. तो समुद्रात गेला आणि परत आला नाही. पुढे तिची नजर गेली आणि लोकर पिंजायचं कामही गेलं. रंगाऱ्याच्या घरी ती दर रविवारी यायची, पण शिष्याने तिची कधी विचारपूस केली नव्हती. ती वादविवादातली बाई नव्हती ना.

वृद्धांच्या पावलांवरून तिने त्यांना ओळखलं. समोर अन्न आल्यावर तिने देवाचे आभार मानले आणि ती सावकाश, मन लावून जेवली. कालवणात मीठ कमी आहे, हेही तिने सांगून टाकलं. मग फडक्याला बोटं पुसत ती वृद्धांना म्हणाली, “दादा, या देहाला देव पुन्हा उठवणार ना? मग तोवर त्याला नीट राखायला नको का?”

हे उत्तर शिष्याच्या सातांत नव्हतं.

परत येताना वृद्ध गल्लीच्या तोंडाशी थांबले. ते म्हणाले, “बाळा, देव आहे आणि आत्मा अमर आहे, हे त्या तत्त्वज्ञांनाही मान्य आहे. आपण निराळं काय सांगतो? देवाच्या पुत्राने देह घेतला. त्याला भूक लागली. तो मेला, त्याच देहाने उठला, आणि उठल्यावर आपल्या माणसांत बसून जेवला. हे खरं असेल, तर माणसाची भूक ही देवाच्या घरची गोष्ट झाली. तू तीन वर्षं स्वतःचं पोट रिकामं ठेवलंस, पण त्यामुळे दुसऱ्या कुणाचं भरलं नाही. तुझा उपवास अर्धाच राहिला आहे.”

पुढच्या बुधवारी शिष्याने जेवण रांधलं, मेलिताच्या दारात ठेवलं आणि अभ्यास बुडू नये म्हणून तो धावत घरी आला. म्हातारीने रविवारी वृद्धांकडे तक्रार केली, की अन्न येतं पण माणूस येत नाही. शिष्य चिडला, मग वरमला, आणि त्यानंतर तिच्याजवळ बसू लागला. ती त्याला गलबतांच्या गोष्टी सांगायची. एकदा तिने विचारलं, की ज्याला समुद्राने गिळलं, ज्याला माती मिळाली नाही, तोसुद्धा उठेल का रे? सातांपैकी चौथं उत्तर याच प्रश्नाचं होतं. पण ते त्याच्या ओठांवर येईना. त्याने तिचा हात हातात घेतला आणि तो म्हणाला, “हो, आई. उठेल.” हे बोलताना त्याला रडू आलं, कारण ते खरं असावं असं आयुष्यात प्रथमच त्याला मनापासून वाटलं होतं.

परीक्षेच्या दिवशी मंडळी जमली. शिष्य मध्ये उभा राहिला. वृद्धांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मंडळीला विचारलं, याच्याविषयी कोण बोलणार? मेलिता भिंत चाचपत उठली.

“स्वयंपाक याला अजून जमत नाही,” ती म्हणाली, “आणि बोलतो फार. पण बुधवारी आणि शुक्रवारी मी आता दाराला कडी घालत नाही.”

वृद्ध म्हणाले, “पुरे झालं. याला बाप्तिस्मा द्यायचा.”

शिष्याचा विश्वासच बसेना. सगळे पांगल्यावर त्याने वृद्धांना गाठलं आणि भीत भीत म्हटलं, “बाबा, माझ्या श्रद्धेविषयी आपण एकही प्रश्न विचारला नाहीत.”

“त्याखेरीज दुसरं काही विचारलंच नाही,” वृद्ध म्हणाले.

सणाच्या पहाटे शिष्य पाण्यातून बाहेर आला. अंगावर कोरडं वस्त्र घेऊन तो रंगाऱ्याच्या घरी गेला, आणि या वेळी त्याच्यामागे दार लागलं ते तो आत असताना. मेलिताने शेजारची जागा त्याच्यासाठी धरून ठेवली होती. भाकर फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आली, तेव्हा त्याने आधी तिच्या हातावर तुकडा ठेवला आणि मग आपला घेतला. तो मनातून अगदी शांत होता.

आपणही श्रद्धेची वाक्यं रोज म्हणतो. ती आपण खरी मानतो की नाही, हे कधीतरी भिंतीपलीकडच्या माणसाला विचारून पाहावं.