थंडीबाई ओसरीवर बसली

बरं का, एका पौषात काय झालं, गावातून थंडीच निघून गेली. संक्रांत उद्यावर आली आणि लोक पंख्यानं वारा घेतायत!

त्या गावात सगुणा नावाची एक मुलगी होती. तिच्या धाकट्या भावाचं बोरन्हाण उद्या. काळं झबलं शिवून तयार होतं. त्यावर घालायला हलव्याचे दागिने तेवढे हवे होते. आई शेगडीपाशी बसून परातीत तीळ फिरवत होती, चमच्या-चमच्यानं पाक सोडत होती. पण हलव्याला काटा येईना. थंडीशिवाय कसा येणार? तीळ आपले गुळगुळीत, न्हाऊन आलेल्या पोरांसारखे!

आई म्हणाली, “राहू दे गं. बाळ बसेल तसाच, दागिन्यांवाचून.”

आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. सगुणाला काही ते बघवेना. मग ती उठली आणि थंडीला शोधायला निघाली.

हरभऱ्याच्या शेतातून एक दवाची वाट गेली होती, पाऊलभर रुंद. मग ती वाट टेकडीवर चढली. मग एका धोंड्यापाशी संपली. धोंड्यावर एक म्हातारी बसली होती, पांढरं लुगडं नेसून, गाल फुगवून.

“थंडीबाई, घरी चला ना,” सगुणा म्हणाली.

“मी? परवा तुझी आईच म्हणाली, जा बाई एकदाची! आले मी निघून.”

“बाळाला पडसं झालं होतं हो. जीव कावला होता तिचा.”

म्हातारी जरा नरमली. तरी तिनं विचारलं, “मला घरात घेशील?”

आता दुसरं कुणी असतं तर ‘घेईन की’ म्हणून मोकळं झालं असतं. बाजारात असे पुष्कळ भेटतात. सगुणा म्हणाली, “नाही. बाळ गारठेल.”

“मग शेगडी विझवशील?”

“तीही नाही. हलवा कशावर करायचा?”

“मग माझ्याजवळ तरी कुणी बसेल का गं?”

“मी बसेन. ओसरीवर, तुम्हाला अगदी चिकटून.”

थंडीबाई खुदकन हसली. इतका चोख व्यवहार तिच्याशी कुणी केलाच नव्हता. ती उठली, लुगडं झटकलं आणि निघाली.

मग काय! सगुणानं शेगडी ओसरीवर आणली. पुढून निखारे, पाठीशी थंडीबाई. सगुणाचं पोट भाजतंय आणि पाठ काकडतेय, दात कडकड वाजतायत, पण हात काही थांबला नाही. पाक सोडायचा, तीळ फिरवायचे. पाक सोडायचा, तीळ फिरवायचे. मग एका तिळाला बारीकसा काटा आला. मग दहांना आला. मग अख्खी परात चांदण्यांसारखी फुलली.

आई गोधडी घेऊन धावत आली. लेकीला गुंडाळलं आणि बघते तर शेजारी म्हातारी!

“अगं बाई! तुम्हालाही आणू का पांघरूण?”

“नको गं बाई, मला उकडतंय,” थंडीबाई पदरानं वारा घेत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाळ पाटावर बसलं. डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, हातात बासरी. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले, आणि पोरांनी ही झुंबड केली! थंडीबाई अंगणातूनच बघत होती. तिनं लांबूनच एक हळू फुंकर घातली. बाळाचं नाक लालचुटुक झालं, आणि ते जे खिदळलं म्हणता! सगुणानं मूठभर हलवा नेऊन तिच्या ओंजळीत घातला. एवढ्या वर्षांत थंडीबाईला कुणी तिळगूळ दिला तो पहिल्यांदाच.

मग सगुणा, तिची आई, बाळ, सगळी सुखात राहिली. आणि थंडीबाई दर पौषात आली, कुणी न बोलावता.

आत्ताही आलीय बरं का, दारातच उभी आहे. पाय पोटाशी घ्या बघू. आणि मिटा डोळे.