दगड वाचायला गेलेली मुलगी

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक बुरूड होता आणि त्याला एक मुलगी होती. मुलीला एकच खोड होती, ती म्हणजे विचारायची. का, कशाला, कुठवर. आईबापाला सवय झाली होती, गावाला काही झाली नव्हती.

गावात चार वर्षांची मोठी शाळा होती. ती संपली की हुशार पोरं घाट उतरून चार कोसांवरच्या वैद्यविद्यालयात जायची. म्हणजे जायला निघायची, आणि बहुतेक परत यायची. विद्यालयाच्या दारात एक दगड उभा होता आणि आत यायला काय काय लागतं ते त्यावर कोरलेलं होतं. दगड कुणीही, कधीही जाऊन वाचावा. पण या गावाची रीतच उफराटी. दगड वाचायला जायचं ते चौथं वर्ष संपल्यावर, नवे कपडे घालून, हलगी वाजवत. त्याआधी गेलं तर पोर शेफारलं म्हणायचे. मग दरवर्षी पोरं वाजतगाजत दगडापुढं उभी राहायची, तो वाचायची आणि तोंड पाडून घाट चढायची. गाव म्हणायचं, नशीब! नशीब कसलं डोंबलाचं? पण नशिबाला बोल लावायला चार कोस चालावं लागत नाही, एवढी त्यात सोय असते.

बुरडाच्या मुलीला वैद्य व्हायचं होतं. ती लहान असताना बांबूचं कुसळ घुसून बापाचा हात सुजला होता. वैद्य दुसऱ्या गावी गेलेला, तो दोन दिवसांनी आला. बापाची दोन बोटं तेव्हापासून वाकत नाहीत. पोरीच्या मनात ते जे बसलं ते बसलंच.

मोठ्या शाळेत गेली त्याच आठवड्यात तिनं विचारलं, "मास्तर, त्या दगडावर लिहिलंय तरी काय?"

"कळेल चौथ्या वर्षी. आधी पास तर हो."

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं हसला तो मास्तरांचा मुलगा. पोरगा शाळेत पहिला, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. त्यानं मनगट पुढं केलं. "अगं, चार वर्षं पडलीत अजून. आत्तापासून वैद्यीण झालीस होय? बघ बरं माझी नाडी."

तिनं खरंच मनगट धरलं. म्हणाली, "नाडी लागतेय. डोक्याचं काही सांगता येत नाही."

घरी आली तर बाप ओसरीवर बांबू घेऊन बसलेला. समोर एक बाई टोपली सांगायला आली होती. बाप विचारत होता, "केवढी? कशाला पाहिजे? कोंबडी झाकायला का भाकरी ठेवायला?" बाईनं सांगितलं तेव्हा कुठं त्यानं कोयता उचलला.

"आबा, न विचारताच बांबू चिरला तर?"

"तर सरपण होईल, बये."

"मग माझी चार वर्षं न विचारता का चिरायची?"

बापाचा कोयता थांबला. आतून आत्याबाई कडाडल्या, "ऐकू नकोस रे तिचं! पहिल्याच वर्षी दगड बघायला जाणार भवानी. लोक तोंडात शेण घालतील."

बापानं कोयता खाली ठेवला. मग म्हणाला, "ताई, उद्याच्याला चार भाकरी जास्त टाक. आम्ही घाट उतरतोय."

दगडाजवळचा पहारेकरी चाटच पडला. "त्या गावचं पोर, आणि पहिल्या वर्षी? हलगी कुठाय तुमची?"

"घरी ठेवलीय," मुलगी म्हणाली आणि वाचायला लागली. तीन वर्षं गणित लागतं. दोन वर्षं संस्कृत लागतं. वैद्याच्या हाताखाली एक वर्षाची उमेदवारी लागते. आणि कारवीचं फूल लागतं, आपल्या हातानं खुडून वाळवलेलं.

बापाला हसू आलं. "एवढंच? अगं, कारवी तर आपल्या घराच्या कुडाच्या भिंतीतच आहे!"

"कुडात काठ्या आहेत, आबा. फूल कधी पाहिलंत?"

बाप बोटांवर मोजायला लागला. "तुझे दुधाचे दात पडत होते, तेव्हा अख्खा डोंगर निळा झाला होता. सात वर्षांनी एकदा फुलते ती. म्हणजे..." तो थांबला. "म्हणजे येत्या भादव्यात."

"आणि मग?"

"मग पुन्हा सात वर्षांनी. तोवर तुझं लग्न..."

"आबा!"

"बरं बाई, राहिलं."

घरी येऊन तिनं भिंतीवर कोळशानं चार घरं आखली, वर्षाला एक, आणि शेवटच्या घरापासून मागं मागं भरत आली. संस्कृतचे पंडित तीन पोरं जमल्याशिवाय शिकवायला बसत नसत, तेव्हा तिसऱ्या वर्षाआधी दोघांना पटवायला हवं होतं. वैद्य एका वेळी एकच उमेदवार घ्यायचा. ती लगेच जाऊन बोलून आली, तिसऱ्या वर्षाची जागा मिळाली. गणित तिनं पहिल्याच वर्षी धरलं. तीन वर्षंच लागतात, पण एखादं हुकलं तर? आणि हुकलंच. दुसऱ्या वर्षी गणितात आपटली. एक दिवस रडली, मग भिंतीवरचं ते घर पुसून नव्यानं मांडलं. हाताशी एक वर्ष शिल्लक होतं म्हणून निभावलं.

दगडावरचं तिनं कुणापासून लपवलं नव्हतं. वर्गात उभं राहून सगळं सांगितलं होतं. ऐकणाऱ्यांनी ऐकलं आणि घरी जाऊन जेवले.

त्या पहिल्या भादव्यात डोंगर निळा झाला. मुलगी फुलं खुडत होती आणि मास्तरांचा मुलगा शेजारच्या कातळावर पाय सोडून बसला होता.

"खुड ना रे दोन," ती म्हणाली.

"आत्ता खुडायची आणि चार वर्षं उंदरांपासून जपायची? चौथ्या वर्षी ताजी नेईन की. कारवी कुठं पळून जातेय? डोंगर भरलाय!"

"सात वर्षांनी फुलते ती."

"कुणी सांगितलं?"

"आबांनी."

"हं! बुरूड सांगणार आणि मास्तरांचा पोरगा ऐकणार!" तो हसला आणि उतरून गेला. हात लांबवला असता तर फूल हातात आलं असतं, इतकं जवळ होतं.

चौथं वर्ष संपलं. पोरं वाजतगाजत दगडापाशी गेली. विद्यालयाच्या आचार्यांनी बुरडाच्या मुलीचं फूल उजेडात धरलं. "खुडताना काय झालं होतं?"

"बोटं चिकट झाली होती. आणि मधमाश्यांनी जीव नकोसा केला. एक चावली, इथं, कोपराला."

आचार्य हसले. "ये आत. ज्याला माशी चावली त्यानंच खुडलंय."

मास्तरांच्या मुलाला सगळ्या विषयांत तिच्याहून जास्त गुण होते. पण दगडावरचं सगळं काही झालं नव्हतं, आणि फूल तर नव्हतंच. तो धावत डोंगरावर गेला. कारवी होती, पुरुषभर उंच, हिरवीगार, जिकडंतिकडं. फूल औषधालासुद्धा नव्हतं. संध्याकाळी तो बुरडाच्या ओसरीवर येऊन बसला. मुलगी विद्यालयात जायची गाठोडी बांधत होती. तिला हसता आलं असतं. क्षणभर हसूही आलं, पण त्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

"पुढचा फुलोरा कधी?" त्यानं खालमानेनं विचारलं.

"सव्वातीन वर्षांनी. संस्कृत किती झालंय तुझं?"

"एकच वर्ष."

"उमेदवारी?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"अरे, मग रडतोस कशाला? वेळ आहे तुझ्याकडं. फूल कधी मिळणार ते तर ठरलंच. त्याच्या आधीचं वर्ष कशाचं?"

पोरगा विचारात पडला. "उमेदवारीचं?"

"पण वैद्याकडं जागा एकच असते आणि ती आधीच जाते."

तो ताडकन उठला. एक चप्पल पायात, एक हातात, तसाच वैद्याच्या घराकडं पळत सुटला. बुरूड ओसरीवरून बघत होता. म्हणाला, "चला, एक जण तरी विचारायला निघाला."

तात्पर्य: शेवटी कुठं पोचायचंय ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं आणि तिथून मागं येत एकेका वर्षाचं काम ठरवावं. काही कामं पहिल्या वर्षीच होतात. नंतर हुशारी कितीही असली तरी वाट बघावी लागते.